९ मिमी कार्बाइनला बॅरल किती इंची घ्यावं?

प्रश्न आधी सांगतो म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. टेक्सासमधला एक मित्र, नुकतंच ग्रीन कार्ड झालेला, पहिली ९ मिमी कार्बाइन घेतोय. महिन्यातून एखाद-दुसरी क्लब मॅच, बाकी वेळ रेंजवर कागद फोडणं, एवढाच वापर. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन वस्तू ठेवल्या: सरळ १६ इंची रायफल, ८ इंची ब्रेसवाली (ब्रेस म्हणजे मुळात हाताला टेकवायचा आधार, स्टॉक नव्हे), आणि तिसरी म्हणजे आतलं बॅरल जेमतेम पाच-सहा इंचाचं पण त्यावर अॅल्युमिनियमची नळी कायमची बसवून एकूण १६ इंच केलेली. मित्राचं म्हणणं, "दादा, लांब बॅरल घेतलं तर वेग आणि नेम दोन्ही वाढणार ना, मग लांबच घेतो की."

त्याला माझं उत्तर: वेग थोडासा वाढेल, नेम वाढणार नाही, आणि तुझ्या वापरात त्या थोड्याशा वेगाचा काडीचा उपयोग नाही. तरीही तुला १६ इंचीच घ्यायला सांगणार आहे, फक्त त्याची कारणं वेगळी आहेत, आणि कारणं नीट कळली नाहीत तर चुकीची १६ इंची घेऊन बसशील.

सुरुवात काडतुसापासून करू. ९ मिमी पॅराबेलम १९०२ सालचं, पिस्तुलासाठी बनवलेलं. त्याच्या केसमध्ये जागाच इतकी कमी की साधारण चार ते सहा ग्रेन (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग) पावडर बसते, आणि ती पावडरही मुद्दाम भराभर जळणारी निवडलेली असते कारण पिस्तुलाचं बॅरल मुळात चार-साडेचार इंच. वाळलेल्या गवताला काडी लावल्यासारखं, भुर्रकन पेटलं आणि संपलं. गोळी पुढे सरकली की तिच्या मागची जागा वाढते, तेवढाच वायू जास्त जागेत पसरतो, दाब झपाट्याने पडतो. चार इंचांपासून आठ इंचांपर्यंत बऱ्यापैकी फायदा दिसतो, आठ ते दहा-बारा थोडा, आणि त्यापुढे बहुतेक फॅक्टरी अॅमोमध्ये आलेख जवळजवळ आडवा होतो. काही जड आणि हळू चालणाऱ्या लोडमध्ये तर १६ इंचाला पोचेपर्यंत ढकलणारा दाब इतका उरलेला नसतो की घर्षणात चार-दोन एफपीएस (फूट प्रति सेकंद) उलट कमीच होतात. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावून कोणीही बघू शकतो, त्यात गुपित काही नाही.

आकड्यांत सांगायचं तर ११५ ग्रेनची साधी गोळी चार इंची पिस्तुलातून साधारण ११५० एफपीएसने निघते आणि १६ इंचीतून १३०० च्या आसपास. ब्रँडनुसार इकडे-तिकडे, पण फरक बहुधा शंभर ते दोनशेचा. ऊर्जेत बघितलं तर ३४० फूट-पाउंडच्या जागी ४३० म्हणजे चांगली वाढ वाटते, पण त्यातला मोठा वाटा तू आठ-दहा इंचातच मिळवलेला असतोस. १४७ ग्रेनवाल्यात फरक आणखी कमी, साडेनऊशे-हजारचे हजार-पन्नास वगैरे. आता हे टार्गेटवर काय करतं ते बघ. १३०० ने निघालेली आणि १२०० ने निघालेली, दोन्हींचा झिरो ५० यार्डांवर केला, म्हणजे साइट तिथे बरोबर लागेल अशी जुळवली, तर १०० यार्डांवर दोन्ही पाच-सहा इंच खाली लागतील आणि त्या दोघींमधला फरक असेल इंचभराच्या आतबाहेर. तुझा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, शंभर यार्डांवर इंचात येईल तेव्हा या इंचाचा विचार कर, तोपर्यंत सोड.

मग सगळ्या कंपन्या १६ इंचच का करतात? रुगर पीसी कार्बाइन १६.१२, केल-टेक सब-२००० सुमारे १६.१, सीझेड स्कॉर्पियनची कार्बाइन १६.२, बेरेटा सीएक्स४ १६.६. सगळेच कसे एका रेषेत येऊन थांबले? कारण कायद्यातली रेष तिथे आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टने रायफलला आधी १८ इंच किमान लांबी ठेवली होती, १९६० मध्ये ती १६ वर आली. त्याखाली बॅरल आणि खांद्याला लावायचा स्टॉक असं एकत्र आलं की ती शॉर्ट बॅरल्ड रायफल, म्हणजे एसबीआर, फेडरल नोंदणीचा माल. शिवाय एकूण लांबी २६ इंचापेक्षा कमी नको. बॅरलची लांबी मोजतात ती बंद बोल्टच्या (चेंबर बंद करणाऱ्या भागाच्या) तोंडापासून मझलपर्यंत, म्हणजे बॅरलच्या पुढच्या टोकापर्यंत, आणि पुढे लावलेला ब्रेक किंवा कव्हर यात तेव्हाच धरतात जेव्हा ते वेल्ड वगैरे करून कायमचं बसवलेलं असतं. हाताने फिरवून निघणारं काहीही त्यात मोजत नाहीत. म्हणून तुझ्या दुकानदाराची तिसरी वस्तू कायदेशीर १६ इंची आहे, पण ती नळी पुढेमागे कापायची किंवा काढायची हौस आली तर त्या क्षणी तू एसबीआर बनवलीस, हे डोक्यात पक्कं ठेव.

इथे एक आडवळण घेतो, कारण आपल्या लोकांमध्ये हे हमखास राहून जातं. एच-१बी, एफ-१ वगैरे नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असणं. तू ग्रीन कार्डवर आहेस म्हणून तुझा प्रश्न नाही, खरेदीच्या फॉर्म ४४७३ वर एलियन नंबर भरून रीतसर घेऊ शकतोस, पण वीकेंडला तुझ्यासोबत रेंजवर येणारा ऑफिसमधला मित्र एच-१बी वर असेल तर "ये रे, दोन मॅगझिन तू पण मार" म्हणण्याआधी थांब. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरणंसुद्धा बाळगण्यातच मोडू शकतं, आणि इमिग्रेशनची फाइल उघडी असताना हा धोका कोणी गमतीत घेऊ नये. हंटिंग लायसन्स काढून झालं असेल तरी आधी वकिलाला विचारून घ्यावं. पैसे लागतात, लागू देत.

परत ८ इंचीकडे. ब्रेसवाली वस्तू कागदावर पिस्तूल आहे, रायफल नाही. ब्रेसवरून २०२३ मध्ये एटीएफने, म्हणजे बंदुकांचं बघणाऱ्या फेडरल खात्याने, नियम आणला, लाखो लोकांची झोप उडवली, आणि २०२४ मध्ये टेक्सासच्याच फेडरल कोर्टाने तो रद्द केला. आज ब्रेस लावलेलं पिस्तूल तुझ्या राज्यात दुकानात सरळ मिळतं. पण त्यावर खरा स्टॉक लावलास की एसबीआर, आणि छोट्या पिस्तुलाला पुढच्या हाताची उभी मूठ (फोरग्रिप) लावलीस तरी वर्ग बदलतो, हेही खूप जणांना माहीत नसतं. एसबीआर रीतसर करायची तर आधी फॉर्म १ भरून बोटांचे ठसे, फोटो, सगळं देऊन मंजुरी हातात आल्यावरच हात लावायचा. पूर्वी यावर २०० डॉलरचा टॅक्स होता, तो २०२६ च्या १ जानेवारीपासून शून्य झाला, त्यामुळे सध्या जो तो फॉर्म भरतोय. टॅक्स गेला, नोंदणी गेली नाही. राज्याबाहेर मॅचला एसबीआर न्यायची तर एटीएफची आधी परवानगी लागते, आणि काही राज्यांत ती चालतच नाही. एक उलटीही गोष्ट आहे: जी बंदूक पिस्तूल म्हणून जन्मली तिला १६ इंची बॅरल आणि स्टॉक लावून रायफल करता येते आणि परत पिस्तूल करता येते, पण जी रायफल म्हणून विकली गेली तिला नोंदणीशिवाय पिस्तूल करता येत नाही. त्यामुळे पुढे खेळ करायचा असेल तर पहिली खरेदी कोणत्या नावाने होते त्याला महत्त्व आहे.

आता मॅच. मी रेंज ऑफिसर म्हणून टायमर धरून मागे उभा असतो तेव्हा लोकांच्या बंदुका जितक्या जवळून दिसतात तितक्या दुकानात दिसत नाहीत. यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेने २०१६ मध्ये पीसीसी (पिस्तुलाच्या काडतुसाच्या कार्बाइनची) डिव्हिजन आणली, तिथे सगळ्यांचं स्कोअरिंग मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या वर्गातलं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग भागिले हजार, हे १२५ च्या वर असलं की झालं. ११५ ग्रेन ११०० ने गेली तरी १२६ होतात. तुझी फॅक्टरी अॅमो १६ इंचीतून १४५ ला वगैरे पोचेल, आणि त्या वरच्या वीसचा एक पॉइंटही मिळत नाही, मिळतो तो फक्त थोडा जास्त धक्का. म्हणून हातलोड करणारे, म्हणजे काडतुसं स्वतः भरणारे, लोक उलट वेग उतरवून १३० च्या जवळ आणतात. वेगासाठी लांब बॅरल हे गणित मॅचमध्ये बसतच नाही.

बसतं ते वजनाचं. आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण खरा निर्णय इथे आहे. जाड प्रोफाइलचं १६ इंची स्टीलचं बॅरल म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी लोंबणारं वजन. एका टार्गेटवरून दुसऱ्यावर झटकन जायचं तर आधी ते हलवायला जोर लागतो आणि मग थांबवायलाही लागतो, रेड डॉट साइटचा लाल ठिपका टार्गेटच्या पुढे निघून जातो आणि तू त्याला मागे ओढत बसतोस. स्टील चॅलेंजसारख्या खेळात, जिथे पाच प्लेट आणि सगळी मजा सेकंदाच्या दशांशात, तिथे हे लगेच अंगावर येतं. लो रेडीतून, म्हणजे समोरच्या कोनकडे मझल धरून सुरुवात असते, तिथून बंदूक वर उचलतानाच कळतं कोणाचं तोंड जड आहे ते. म्हणूनच ती पाच इंची बॅरलवर अॅल्युमिनियमची नळी वगैरे भानगड निघाली: स्टील कमी, वजन मागे हातांच्या मधे, आणि कायद्याची लांबी पुरी. वस्तू दिसायला विनोदी आहे पण मूर्खपणाची नाही. महाग मात्र आहे, आणि पहिल्या वर्षी तुला तिच्यातला फरक पैशाइतका जाणवणार नाही.

उलट बाजूनेही सांगतो. फार हलकं तोंड सगळ्यांना मानवत नाही. काहींचा डॉट सतत थरथरतो, लांबच्या प्लेटवर स्थिरावत नाही, त्यांना पुढे थोडं वजन असलेलं बरं वाटतं. सडपातळ प्रोफाइलचं १६ इंची बॅरल हा यातला मधला रस्ता, आणि माझी शिफारस तीच. दुकानात बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, चेंबर बघून, सुरक्षित दिशेला, खांद्याला लावून डावीकडून उजवीकडे भिंतीवरच्या दोन कोपऱ्यांत फिरवून बघ. दहा वेळा फिरव. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

अजून एक, मॅचमध्ये भिंतीच्या खिडक्यांतून, पोर्टमधून मारायचं असतं. १६ इंची बॅरलवाले दाराच्या चौकटीला, आडोशाच्या पिंपाला मझल आपटतात आणि वेळ घालवतात, पण उघड्या पाच-सहा इंची बॅरलवाल्यांचा धोका वेगळा, त्यांचा पुढचा हात घसरून मझलच्या पुढे जाऊ शकतो. हे मला जास्त नकोसं वाटतं. छोटं बॅरल घेतलंस तर हँड स्टॉप, म्हणजे हात पुढे घसरू न देणारा अडथळा, लाव, ही सूचना मी प्रत्येकाला करतो. आणि ब्रेसवालं पिस्तूल पीसीसी डिव्हिजनमध्ये चालेल हे गृहीत धरू नकोस, तुझ्या क्लबच्या मॅच डायरेक्टरला आधी फोन कर.

नेमाबद्दल. लांब बॅरल म्हणजे अचूक बॅरल हा समज उघड्या साइट्सच्या काळातला आहे. तेव्हा पुढची आणि मागची साइट जितकी लांब तितकं डोळ्याला सोपं, म्हणून लांब बंदूक नेमाला बरी वाटायची. रेड डॉटला हे लागूच नाही. अचूकता येते ती बॅरल किती ताठ आहे, चेंबर आणि क्राउन (मझलची कड) कसं कापलंय, आणि तुझ्या बॅरलला कोणती गोळी रुचते यावरून. छोटं, जाड बॅरल लांब, बारीक बॅरलपेक्षा ताठच असतं. मात्र खांदा, गाल आणि दोन हात असे चार टेकू मिळाल्यावर पिस्तुलाच्या तुलनेत कोणाचाही नेम सुधारतो, त्याचं श्रेय लोक बॅरलला देतात. जवळच्या टार्गेटवर दोन इंच खाली लागतंय म्हणून बॅरलला दोष देणारेही भेटतात. एआर पद्धतीच्या कार्बाइनवर डॉट बॅरलच्या अडीच इंच वर बसलेला असतो, सात यार्डांवर गोळी खालीच लागणार, बॅरल कितीही इंची घे.

धक्का आणि डॉटची उडी यातही बॅरलपेक्षा बोल्टचा हात मोठा. बहुतेक ९ मिमी कार्बाइन सरळ ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्टला कुठलंही लॉक नाही, निव्वळ त्याच्या वजनाने आणि स्प्रिंगने तो थोपवून धरतो, म्हणून तो जड, आणि तो जड गोळा मागे-पुढे आपटतो तेव्हा डॉट नाचतो. छोट्याशा काडतुसाच्या मानाने धक्का जास्त का, असं नवे लोक विचारतात, त्याचं उत्तर हे. रुगरने त्यात टंगस्टनचं सरकतं वजन घालून तो आपटा कमी केलाय, सिग एमपीएक्समध्ये गॅस पिस्टन आणि फिरणारा बोल्ट आहे, एमपी५ च्या घराण्यात रोलर. तुझ्याकडे शंभर-दोनशे डॉलर जास्त असतील तर ते बॅरलच्या इंचांत घालण्यापेक्षा बोल्ट आणि बफरच्या बाजूला घाल. कॉम्पेन्सेटरचंही, म्हणजे वायू वर सोडून तोंडाची उडी कमी करणाऱ्या तुकड्याचंही, तेच, १६ इंचाला मझलपाशी वायूच इतका कमी उरतो की कॉम्पला काम करायला फारसं मिळत नाही, तोंडाला वजन मात्र वाढतं.

छोटं बॅरल खरोखर कधी घ्यावं? सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करणारा डबा, लावायचा असेल तर. १६ इंचाच्या पुढे सात-आठ इंचाचा डबा लावला की बांबू घेऊन फिरल्यासारखं होतं, तेच सहा-आठ इंचावर आटोपशीर बसतं, आणि १४७ ग्रेन ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे साधारण ११२५ एफपीएसच्या, आत राहते. ११५ ग्रेनवाली मात्र चार इंचातूनच त्या सीमेवर असते, १६ मधून ती कडाडतच जाणार. सप्रेसर नसेल तर उलट, छोटं बॅरल जास्त मोठ्याने वाजतं आणि छताखालच्या रेंजवर शेजारचा वैतागतो.

आपल्याकडच्या लोकांनी कार्बाइन हा शब्द ऐकलेला असतो तो पोलिसांच्या हातातल्या ९ मिमी कार्बाइनमुळे. ती ब्रिटिश स्टर्लिंगवरून कानपूरला बनलेली, आणि तिचं बॅरल आठ इंचाच्या आतलं. पुण्यात पाषाणच्या एआरडीईने सैन्यासोबत केलेलं अस्मि मशिन पिस्तूलही ८ इंचीच. एमपी५ चं ८.९. म्हणजे जिथे सोळा इंचाचं बंधन नव्हतं तिथे ९ मिमीसाठी इंजिनियर मंडळी आपोआप आठ-नऊ इंचावर येऊन थांबली. भारतात ९ मिमी प्रोहिबिटेड बोअर, त्यामुळे सुट्टीत गावी गेल्यावर साध्या लायसन्सवाल्या काकांना हे सगळं समजावून उपयोग नाही, त्यांना घेता येणार नाही.

आता जाता जाता, "पिस्तुलाच्या काडतुसाला लांब बॅरल फुकट" असं सरसकट म्हणू नकोस, कारण .३५७ मॅग्नम हा पूर्ण वेगळा प्राणी आहे. कमाल दाबाची मर्यादा ९ मिमीइतकीच, ३५,००० पीएसआय, पण केस लांब, त्यात हळू जळणारी पावडर तिप्पट बसते आणि ती बॅरलभर ढकलत राहते. १५८ ग्रेन चार इंची रिव्हॉल्वरमधून साडेबाराशेने निघत असेल तर १६-१८ इंची लिव्हर अॅक्शनमधून साडेसतराशेपर्यंत जाते, ऊर्जा जवळजवळ दुप्पट. तिथे इंच मोजून घ्यावेत, हरणासाठी जाणारा माणूस १६ आणि २० मध्ये विचार करतो ते बरोबर आहे. .४४ मॅग्नम तसंच. .४५ एसीपी उलट्या टोकाला, जड गोळी, कमी दाब, १६ इंचात शंभरेक एफपीएस मिळाले तरी खूप. १० मिमी मधे कुठेतरी. बॅरल पाहण्याआधी काडतूस बघायचं ते यासाठी.

तर तुझ्यासाठी: ९ मिमी, १६ इंची, पातळ प्रोफाइल, पुढे आटे पाडलेलं. आटे कोणते ते मात्र विचारून घे. अमेरिकन ९ मिमी बॅरलवर १/२x२८ आणि १/२x३६ दोन्ही सापडतात, युरोपियन मालावर १३.५x१ डावे. चुकीचा डबा जबरदस्तीने फिरवलास तर आटे जातील आणि वाकडा बसला तर पहिल्याच गोळीला डबा जाईल. आणि मॅगझिन ग्लॉकचं लागतं का बघ, पिस्तूल ग्लॉक असेल तर एकच पिशवी दोन्हीला पुरते. नळी चढवलेल्या तिसऱ्या वस्तूचे पैसे वाचव, त्यात हजारभर राउंड येतील, ते मार आणि मग सांग तोंड जड वाटतंय की हलकं.